परक्या लेन्सचा दोष

भिंगराव हे नाव त्यांना मेव्हणीने चेष्टेत दिलं. पुढे ते अख्ख्या घराने उचललं, चेष्टा विरून गेली आणि नुसतं नाव उरलं. एरवी ते विमा कंपनीचे सर्व्हेअर. गोदामाला आग लागली, ट्रक उलटला, कारखान्याचं छप्पर खाली आलं, की यांनी जायचं, राखेत काठी फिरवायची आणि नुकसान कोणाच्या हलगर्जीमुळे झालं ते ठरवायचं. उभ्या नोकरीत ‘कारण कळलं नाही’ असा शेरा त्यांनी एकदाही मारला नाही. दोष असतोच, तो कुठल्यातरी वस्तूत नाहीतर दुसऱ्या माणसात असतो, आणि नेट लावून शोधला की सापडतो, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

निवृत्तीनंतर एवढा मोठा विश्वास घरात नुसता बसून राहीना, म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला. साबणाच्या डबीएवढा, मिररलेस. आत आरसा नाही म्हणून पोट सपाट, आणि पोट सपाट म्हणून कुठल्याही जुन्या कॅमेऱ्याची लेन्स त्याला लावता येते. मध्ये फक्त अडॅप्टरची कडी घालायची. कॅमेऱ्याबरोबर आलेली कंपनीची लेन्स त्यांनी पहिल्याच आठवड्यात विकून टाकली. “कंपनीची लेन्स म्हणजे मेसचं जेवण,” ते म्हणाले, “पोट भरतं, पण कोणी आठवण काढत नाही.” मग जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या स्टुडिओंतून, वारलेल्या फोटोग्राफरांच्या मुलांकडून एकेक लेन्स घरात येऊ लागली. लोखंडी, जड, हाताने फिरवायची.

“कॅमेरा एका घरचा, लेन्स दुसऱ्या घरची,” बायको एकदा बहिणीला फोनवर सांगत होती, “आणि अडॅप्टर म्हणजे मध्यस्थ. सोयरीक जमली तर लेन्स गुणाची, फिसकटली की शिव्या मध्यस्थाला. चहापेक्षा किटली गरम असते हे ऐकलं होतं, आमच्याकडे किटलीपेक्षा झाकण जड आहे.”

“प्रवासाला हलका पडतो म्हणून घेतलाय तो,” आतून भिंगराव ओरडले.

“हो ना! आणि लेन्सांची पिशवी मी उचलते, म्हणून तर तो हलका पडतो.”

त्या वर्षी प्रवास ठरला होता एका जुन्या बंदराच्या गावाचा. तिथे बंद पडलेलं कस्टम हाउस होतं, दगडी खांबांची लांबच लांब ओळ असलेलं, आणि पाण्यात पुढे गेलेला दीपस्तंभ. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात भिंगराव गॅलरीत उभे राहून एकेक लेन्स तपासत होते. समोरच्या इमारतीच्या जिन्याला उभे गज होते. उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला लावला, डावा मिटला, आणि मधला गज वाकलेला दिसला. रात्रीतून कोणी दोन्ही हातांनी फाकवून आत शिरलं असावं, तसा. कॅमेरा खाली घेऊन पाहिलं. गज सरळ. पुन्हा डोळा लावला. वाकडा.

“अडॅप्टर तिरका बसलाय,” ते स्वतःशी म्हणाले आणि त्यांना बरं वाटलं. दोष सापडला होता.

इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण लपवून काही मिळवायचं नाही. गज सरळ होता, लेन्स सरळ होती, अडॅप्टरही बिचारा सरळ होता. वाकला होता तो भिंगरावांचा उजवा डोळा. त्याच्या मागच्या पडद्याखाली, अगदी मधोमध, एक बारीक गळती सुरू झाली होती. दुखत नव्हती, खुपत नव्हती, डोळा लालही नव्हता. दोन्ही डोळे उघडे असताना डावा डोळा उजव्याची चूक सावरून घेई. चारचौघांत नवऱ्याचं अर्धवट वाक्य बायकोने पुरं करावं, तसं. सबंध दिवसात उजवा डोळा एकटा पडायचा तो एकाच ठिकाणी, व्ह्यूफाइंडरच्या त्या नखाएवढ्या खिडकीत. अशी गळती वेळेवर कळली तर डॉक्टर ती थांबवतात. उशीर झाला तर नजरेचा मधला भाग जातो, आणि गेलेला परत येत नाही. खरं सांगणारा साक्षीदार एकच होता, तो कॅमेरा, आणि भिंगरावांनी त्यालाच आरोपी करून टाकलं.

ते तडक कारागिराकडे गेले. जुने कॅमेरे दुरुस्त करणारा तो माणूस एका जिन्याखालच्या खोलीत बसे. त्याने लेन्स लावली, दारातून रस्त्यावरच्या खांबाकडे पाहिलं. खांब अगदी सरळ होता. पण तक्रार घेऊन आलेल्याला ‘काही झालेलं नाही’ असं सांगितलं, तर तो पुन्हा फिरकत नाही, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं.

“आहे, साहेब,” तो म्हणाला. “केसभर आहे.”

“केसभर? मला तर चांगलं बोटभर दिसतंय.”

“तुमची नजर पडली साहेब. दुसऱ्याला कळलंही नसतं.”

भिंगराव खुलले. कारागिराने कडीखाली पातळ पत्र्याची चकती सारली, स्क्रू आवळले, फुंकर मारली. “आता बघा.”

भिंगरावांनी पाहिलं. खांबाला मधोमध बाक होताच, पण आता तो कमी झालाय असं त्यांना वाटलं. दुरुस्तीनंतर पहिली दहा मिनिटं सगळ्यांनाच तसं वाटतं. “हां,” ते म्हणाले. कारागिरानेही मान डोलावली. दोघंही समाधानाने एकमेकांचा निरोप घेते झाले, आणि त्या समाधानाने डोळ्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं एखाद्या दुश्मनालाही साधलं नसतं.

बंदराच्या गावात लॉजची खोली वरच्या मजल्यावर होती. दोन लोखंडी खाटा, खिडकीखाली टेबल, कोपऱ्यात पांढऱ्या फरशांची न्हाणी. सामान टाकून लगेच दोघं कस्टम हाउसकडे निघाले. आत कोणी नव्हतं. खांबांची ओळ लांबवर जाऊन अंधारात मिटत होती, आणि तिथून समुद्राचा थंड, कुबट वारा येत होता. भिंगरावांनी डोळा लावला. पहिला खांब वाकला. दुसरी लेन्स लावली. वाकला. तिसरी. खांब तिसऱ्यांदाही वाकला, आणि या वेळी बाकाच्या मध्यभागी एक करडा डाग होता, ओल्या बोटाचा ठसा उमटावा तसा.

“सेन्सरवर धूळ गेली,” ते म्हणाले, आणि रबरी फुग्याने फसफस हवा मारत बसले.

“फोटोत दिसतेय का?” बायकोने विचारलं.

त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पाहिला. पडदा दोन्ही डोळ्यांनी पाहायचा असतो. खांब सुतात सरळ होते. डाग नव्हता.

“फोटोत कॅमेरा स्वतः सुधारून घेतो,” भिंगराव म्हणाले.

हे बोलताना त्यांची जीभ किंचित अडखळली. जुनी लेन्स लावली की कॅमेऱ्याला पुढे कोण बसलंय याचा पत्ताच नसतो, त्यामुळे तो तिचं काहीही सुधारू शकत नाही, हे त्यांनीच आल्यागेल्याला पन्नासदा ऐकवलं होतं. बायकोने प्रत्येक वेळी ऐकलं होतं, नाइलाजाने का होईना.

“द्या इकडे,” ती म्हणाली आणि स्वतः डोळा लावला. “मला तर सगळं सरळ दिसतंय.”

“तुला चष्मा आहे. चष्म्याने सरळ होतं.”

“वा! म्हणजे माझ्या चष्म्याने खांबसुद्धा सुधारतात? मग तुम्ही कसे राहिलात?”

ते हसले नाहीत. एरवी अशा बोलण्यावर ते निदान नाकातून तरी हसत. तिने कॅमेरा परत दिला. पण त्या न हसण्याची तिने मनात नोंद केली.

“बरं, माझा एक काढा,” ती जरा वेळाने म्हणाली, आणि खांबाला टेकून उभी राहिली. वाऱ्याने उडणारा पदर तिने मुठीत धरला.

भिंगरावांनी डोळा लावला. फोकस नीट लागला की या कॅमेऱ्यात कडांवर लाल रेघा उमटतात. जुन्या लेन्सवाल्यांचा सगळा भरवसा त्या रेघांवर. त्यांनी हळूहळू कडी फिरवली. पदराच्या काठावर लाल रेघ आली, खांद्यावर आली, केसांवर आली. आणि त्या लाल रेघांच्या मधोमध, जिथे चेहरा असायला हवा, तिथे काहीच नव्हतं. करडं, गढूळ, किंचित हलणारं काहीतरी. कपाळ नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. त्या तोंड नसलेल्या जागेतून तिचा आवाज आला, “झालं का? मान अवघडली माझी.”

“हलू नकोस,” ते म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की खांबांवर आपटून परत आला.

“अहो, मी कुठे हलतेय?”

त्यांनी बटण दाबलं, कॅमेरा खाली घेतला. समोर बायको होती, चेहऱ्यासकट, आणि त्यांच्याकडे रोखून पाहत होती.

“घाम का आलाय तुम्हाला?”

“दमट हवा आहे.”

“वारा सुटलाय चांगला. अहो, जरा डाव्या डोळ्याने बघा ना त्याच्यातून.”

“डाव्या डोळ्याने कोणी फोटो काढतं का? नाक पडद्यावर घासतं.” ते तिच्यावर खेकसले. “ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये.”

खेकसणं हे त्यांचं नेहमीचं नव्हतं. राखेत उभ्या असलेल्या मालकांना ते ओळखत, जे साधा प्रश्न विचारला की अंगावर येत. अशा माणसाच्या बाबतीत ते आपल्या कारकुनाला म्हणत, “याला कारण माहीत आहे, फक्त आपल्या तोंडून ऐकायचं नाहीये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीत दाढी करत होते. चेहऱ्याला फेस लावला होता. कॅमेरा बाहेर टेबलावर होता, लेन्सा पिशवीत होत्या. फेसाचा एक थेंब डाव्या डोळ्यात उडाला. डोळा झोंबला, त्यांनी तो घट्ट मिटला, आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फरशांच्या रेघा आत ओढल्या गेल्या. न्हाणीच्या जाळीकडे पाणी ओढलं जावं तशा सगळ्या आडव्या-उभ्या रेघा मध्याकडे वळल्या होत्या, आणि मध्यात तोच करडा ठसा होता. हातात कॅमेरा नव्हता. अडॅप्टर नव्हता. दोष द्यायला त्या न्हाणीत दुसरं कोणीही नव्हतं.

त्यांनी डोळा धुतला. मग एखादं यंत्र तपासावं तशी रीतसर तपासणी केली, कारण दुसरं काही त्यांना येत नव्हतं. उजवा झाकला: फरशा सरळ. डावा झाकला: फरशा वाकड्या. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. आरशात पाहिलं तर डाव्या डोळ्याला दिसला अर्धा फेस लागलेला एक म्हातारा. उजव्या डोळ्याला फेस दिसला, कान दिसले, मधला माणूस दिसला नाही.

“अहो, चहा आलाय,” बाहेरून बायको म्हणाली.

“आलो,” भिंगराव म्हणाले.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं हे सांगायला नको. पण आपल्यावर वेळ आली की शहाणा माणूस शहाणपण घरी ठेवून येतो. भिंगराव बाहेर आले, चहा प्याले, पावाचा तुकडा चहात बुडवून खाल्ला आणि म्हणाले, “आज दीपस्तंभ.” त्यांनी मनाशी हिशेब घातला होता: प्रवास पुरा करू, तेवढ्यात काय होतंय, कदाचित थकव्याने असेल, घरी गेलो की बघू. एकदा डॉक्टरला सांगितलं की ते खरं होणार. न सांगता चाललंय तोवर निदान हे न्हाणीतल्या फरशांपुरतंच आहे. असले हिशेब लोकांच्या तोंडून त्यांनी हजारदा ऐकले होते. जळून गेलेल्या प्रत्येक गोदामाच्या मालकाने आधी वायरचा वास घेतलेला असतो, आणि प्रत्येकाने दिवाळखोरासारखा तो पुढच्या आठवड्यावर ढकललेला असतो.

दीपस्तंभाकडे जाणारा दगडी बांध पाण्यातून गेला होता. दोन्ही बाजूंना काळं पाणी संथपणे वरखाली होत होतं. भिंगराव पुढे चालत होते, पावलं जरा उचलून टाकत. एका पायरीवर त्यांचा पाय अलगद हवेत पडला. बायकोने मागून दंड धरला.

“दिसली नाही का पायरी?”

“शेवाळं आहे.”

तिने पायरीकडे पाहिलं. दगड कोरडा खडखडीत होता. 

दीपस्तंभ जवळ आला तसे ते थांबले. पांढरा, उंच, आभाळात शिरलेला. त्यांनी पिशवीतून सगळ्यात लांब लेन्स काढली, अडॅप्टर फिरवून टचकन बसवला, कॅमेरा उचलला. क्षणभर तो उजव्या डोळ्यासमोर थबकला. मग त्यांनी तो हळूच सरकवला आणि डाव्या डोळ्याला लावला. नाक पडद्यावर चेपलं गेलं, मान वाकडी झाली, श्वासाने काच धुरकटली. त्यांनी फोटो काढला.

कॅमेरा खाली आला तेव्हा बायको समोर येऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच घाबरले.

“कधी कळलं?” तिने विचारलं.

“काय?”

“डाव्या डोळ्याने कोणी फोटो काढत नाही, काल तुम्हीच सांगितलंत. आज का काढलात?”

पाणी बांधावर आपटत राहिलं. भिंगरावांनी लेन्सचं झाकण शोधलं, ते त्यांच्या हातातच होतं.

“सकाळी,” ते म्हणाले. “दाढी करताना.”

“आणि चहा प्यालात?”

 तिने त्यांच्या गळ्यातून कॅमेरा काढून घेतला, आपल्या गळ्यात घातला आणि त्यांचा हात धरून बांधावरून परत चालायला लागली.  लॉजच्या माणसाने “एवढ्यात निघालात?” असं विचारलं, तेव्हा तिने नुसतं “घरी काम निघालं” असं सांगितलं.

त्यांच्या शहरातली डोळ्यांची डॉक्टर वयाने त्यांच्या भाचीएवढी होती. तिने डोळ्यांत थेंब घातले, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, आतल्या पडद्याचं चित्र काढलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. दुसऱ्याच्या चित्राकडे कोणी इतका वेळ पाहू लागलं की काय समजायचं, हे भिंगरावांना नोकरीने शिकवलं होतं.

“काका, कधीपासून असं दिसतंय?”

“हे काय, प्रवासात... चारपाच दिवस.”

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. गॅलरी, कारागीर, पत्र्याची चकती, सगळं तिला ठाऊक होतं. तरी ती डॉक्टरसमोर बोलली नाही. चारचौघांत त्यांचं म्हणणं न खोडणं ही तिची आयुष्यभराची चूक होती, आणि ती तिने त्या दिवशीही केली.

“हे चारपाच दिवसांचं नाही,” डॉक्टर शांतपणे म्हणाली. “मध्ये व्रण धरलाय. गळती आपण थांबवू, डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, ती सुरू करूच. पण मधला भाग... अगदी सुरुवातीला आला असतात तर गोष्ट वेगळी होती.”

हे वाक्य भिंगरावांच्या ओळखीचं होतं. ‘घटना वेळेत न कळवल्यामुळे’ अशी त्याची सुरुवात करून त्यांनी ते दावा नाकारलेल्या कितीतरी लोकांना टपालाने पाठवलं होतं. कोणाला ते वाचताना काय होत असेल, याचा विचार करायची तेव्हा गरज पडली नव्हती.

“व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत होतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, लेन्सचा दोष आहे.”

“लेन्स बदलून बघितलीत?”

“सगळ्या.”

डॉक्टरने खाली पाहिलं. मग तिने खणातून एक कागद काढला. त्यावर छोट्या छोट्या चौकटी होत्या, आडव्या-उभ्या रेघांच्या, आणि मधोमध एक काळा ठिपका. “आता जपायचा आहे तो डावा. एका डोळ्याला झालं की दुसऱ्यालाही होऊ शकतं. रोज सकाळी उजवा झाकायचा, या ठिपक्याकडे बघायचं. एक जरी रेघ वाकली, तुटली, हलली, तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. उद्या नाही. कळलं ना काका?”

“कळलं,” भिंगराव म्हणाले.

इंजेक्शनं झाली. गळती थांबली. उजव्या डोळ्यातला करडा ठसा तिथेच राहिला, जणू तो मूळचाच तिथला. लेन्सा कपाटात गेल्या. मेव्हणी आली तेव्हा तिने पहिल्यांदाच त्यांना भिंगराव म्हटलं नाही, नुसतं “भावजी” म्हणाली, आणि ते त्यांना जास्त लागलं.

चौकटींचा कागद बायकोने कपाटाच्या दारावर चिकटवला, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. रोज सकाळी ती तिथेच टेबल ओढून कपड्यांना इस्त्री करायची, म्हणजे लक्ष ठेवायची. ते समोर उभे राहून उजवा डोळा तळव्याने झाकत.

“सरळ?” ती विचारी.

“सरळ,” ते म्हणत. मग दोघांचा दिवस सुरू होई. तो एक शब्द ऐकेपर्यंत तिने श्वास सोडलेला नसे.

त्या सकाळीही तसंच चाललं होतं. ती शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती. भिंगराव कागदासमोर उभे राहिले, तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ गेला. त्यांनी मान किंचित तिरकी केली, पुन्हा सरळ केली. एक पाऊल मागे गेले, पुन्हा पुढे आले.

“सरळ?” तिने विचारलं.

भिंगरावांनी घसा खाकरला.

“हा कागद,” ते अगदी नेहमीच्या, कामाच्या आवाजात म्हणाले, “खालच्या बाजूला जरा दमट झालाय का गं?”

बायकोने इस्त्री उभी केली. जवळ येऊन तिने कागदावरून खालपर्यंत तळवा फिरवला. कागद कोरडा होता, आणि चारी कोपऱ्यांनी दाराला सपाट चिकटलेला होता.